फुप्फुसानं उघडलेलं भलतंच पान

पंचांग घरोघरी एकच असतं, पण उघडणारा प्रत्येक जण आपापलं पान काढतो. पेरणीच्या घाईत असलेला शेतकरी यंदा मृगाचं वाहन कोल्हा आहे की बेडूक ते बघतो, पोरीचं लग्न ठरलेला बाप मुहूर्तांच्या पानावर बोट ठेवून बसतो, आजीला संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता तेवढंच हवं असतं, आणि ग्रहणाचं पान तर ग्रहण आलं तरच उघडतं. बाकीची पानं छापलेली असतात, शिवलेली असतात, पण वर्ष सरलं तरी त्यांना कुणाचं बोट लागत नाही. आपल्या अंगातल्या पेशींचं अगदी असंच आहे बघा. डोळ्यातली पेशी घ्या, यकृतातली घ्या, नाहीतर टाचेच्या कातडीतली घ्या, प्रत्येकीच्या पोटात डीएनएचं तेच ते पंचांग ठेवलेलं असतं. त्यात प्रथिनं कशी बनवायची ते सांगणारी वीस हजारांच्या आसपास जनुकं असतात, आणि तरीही डोळा पित्त करत नाही की यकृत बघायला लागत नाही, कारण जी ती पेशी आपल्या कामापुरतीच पानं उघडते आणि बाकीची मिटून ठेवते. शास्त्रातली माणसं याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. आपण आपलं पान उघडलं असं म्हणू.

फुप्फुसातल्या पेशींचीही आपली ठरलेली पानं आहेत. हवेच्या ज्या बारीक बारीक पिशव्या असतात ना, त्यांच्या भिंती ओल्या असतात, आणि ओल्या भिंती एकमेकींना चिकटून बसायला बघतात, म्हणून तिथल्या काही पेशी एक खास पान उघडून त्या भिंतींवर निसरडा लेप देत राहतात आणि त्यामुळे आपला श्वास अलगद आत-बाहेर होतो. गंमत अशी की आईच्या पोटातलं बाळ हे पान बऱ्याच उशिरा, दिवस भरत आल्यावर उघडतं, कारण तोवर त्याला श्वास घ्यायचाच नसतो. अवेळी जन्मलेली बाळं कण्हत कण्हत का जातात हे कुणाला उमगत नव्हतं, ते १९५९ साली अमेरिकेत मेरी एलन एव्हरी नावाच्या डॉक्टरबाईंनी शोधून काढलं, की या लेकरांच्या फुप्फुसात तो लेपच नाही. आज तोच लेप बाहेरून देऊन कितीतरी बाळं वाचवली जातात. एक पान वेळेवर उघडणं एवढ्या मोलाचं असतं.

मग नको असलेली पानं मिटलेली राहतात तरी कशी? तर डीएनएवर जागोजागी कार्बन-हायड्रोजनची एक चिमुकली चिकटी बसवलेली असते, तिला मिथाइल म्हणतात, आणि जिथं ती दाट बसली तिथलं पान उघडत नाही. पेशी दुभंगली, एकीच्या दोन झाल्या, तरी ही चिकटी नव्या पेशीत त्याच जागी पुन्हा बसवली जाते, म्हणून यकृताच्या पोटी यकृतच येतं आणि कातडीच्या पोटी कातडी. जन्मभर, कोट्यवधी वेळा, ही नक्कल बहुतांशी बिनचूक चालते, आणि मला विचाराल तर अंगातल्या सगळ्या नवलांत हे नवल फार वरचं आहे.

कर्करोगात हीच चिकटी सुटायला लागते. गाठीतल्या पेशींच्या डीएनएवर अनेक ठिकाणी मिथाइल विरळ होतं, आणि जी पानं फुप्फुसानं जन्मात उघडायची नव्हती ती आपोआप फडफडायला लागतात.

याची पहिली चाहूल फार जुनी आहे, आणि ती लागली तेव्हा ती कशाची चाहूल आहे हे कुणालाच कळलं नव्हतं. १९२८ साली ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय पत्रिकेत डब्ल्यू. एच. ब्राउन या डॉक्टरांनी एका बाईची हकीकत लिहिली. तिच्या चेहऱ्यावर केस आले होते, लघवीत साखर होती, रक्तदाब चढलेला होता, सगळी लक्षणं ग्रंथींच्या बिघाडाची, आणि ती गेल्यावर उघडून बघितलं तर फुप्फुसात कर्करोग. फुप्फुसाचा आणि दाढीमिशांचा काय संबंध? पुढं तीसेक वर्षांनी अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावी, व्हँडरबिल्ट विद्यापीठात, ग्रँट लिडल यांनी उकल केली, की फुप्फुसातली काही अर्बुदं मेंदूतळाच्या पीयूषिका ग्रंथीचं संप्रेरक स्वतःच बनवून रक्तात सोडतात. पीयूषिकेचं पान फुप्फुसानं उघडलं होतं! बसल्या जागी छातीतली गाठ डोक्यातल्या ग्रंथीचा कारभार बघायला लागली होती.

दुसरी हकीकत याहून विलक्षण आहे. कधी कधी डॉक्टरांकडं असा माणूस येतो की ज्याचे हातपाय बधिर झालेत, चालताना तोल जातो, कालची गोष्ट आज आठवत नाही. मेंदूचे फोटो काढले जातात, पाठीतलं पाणी तपासलं जातं, आणि बरीच शोधाशोध झाल्यावर फुप्फुसात एक लहानशी गाठ सापडते, इतकी लहान की तिच्यामुळं खोकलाही आलेला नसतो. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात जेरोम पोस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे कोडं सोडवलं. लहान पेशींच्या फुप्फुस-कर्करोगात गाठीनं मज्जातंतूंची पानं उघडलेली असतात, एरवी फक्त मज्जापेशीतच असणारी प्रथिनं ती छातीत बनवत असते, शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा हे परकं म्हणून ओळखते, गाठीवर तुटून पडते, तिला वाढू देत नाही, पण त्याच ओळखीवर ती खऱ्या मज्जापेशींवरही तुटून पडते. गाठ लहान राहते आणि माणूस मात्र विस्मरणात बुडतो.

या हकीकतीनं मला नेहमी दोन्हीकडून ओढलंय. त्या रुग्णाचं दुःख तर आहेच, पण तिच्यात एक मोठी बातमीही आहे, की शरीर कर्करोगाला ओळखू शकतं, ओळखल्यावर दाबून ठेवू शकतं. म्हणजे लस बनवायची तर आशा आहे. फक्त पान असं निवडलं पाहिजे की जे गाठीत उघडलंय आणि अंगात दुसरीकडं, जिथं धक्का लागला तर माणूस मोडेल अशा जागी, उघडलेलं नाही. वीस हजारांतून असं पान सापडणार तरी कसं?

ते सापडलं बेल्जियमची राजधानी ब्रसेल्समध्ये, तिएरी बून नावाच्या माणसाला, आणि सापडलं ते फुप्फुसात नव्हे तर कातडीच्या कर्करोगात. पण त्याची सुरुवात उंदरांपासून आहे. सत्तरच्या दशकात बून उंदरांच्या अर्बुदपेशींवर काम करत होते. त्यांनी त्या पेशींना डीएनए बिघडवणारं एक रसायन पाजलं आणि नंतर उंदरांना टोचल्या, तर काय, रसायन न पाजलेल्या पेशी उंदराला मारत होत्या, आणि पाजलेल्यांपैकी काही पेशींना उंदीर स्वतःच हाकलून लावत होते. एवढंच नाही, काही प्रयोगांत अशा पेशी हाकललेल्या उंदरांना मूळची, न बिघडवलेली पेशीही मग त्रास देऊ शकली नाही. रूप बदललेली पेशी बघितल्यावर उंदराला जुन्या पेशीचीही ओळख पटली होती.

हीच रीत पुढं माणसावर आली. जर्मनीतल्या माइंझ शहरात एक बाई होती, तिचा मेलॅनोमा म्हणजे रंगपेशींचा कर्करोग अंगात पसरला होता. अलेक्झांडर क्नुथ या डॉक्टरांनी बून यांच्या जोडीनं तिच्याच गाठीच्या पेशी बाहेर वाढवल्या, त्यांना तसंच रसायन पाजलं, किरणांनी मारून टाकल्या आणि तिला टोचत राहिले. ती बाई त्या दुखण्यातून तगली. तिच्या रक्तात अशा मारक टी-पेशी होत्या ज्या तिच्या गाठीच्या पेशी वेचून वेचून मारत. आता या टी-पेशी नेमकं काय बघून ओळखतात, हे शोधायला बून यांची मंडळी बसली. गाठीचा डीएनए तुकड्या-तुकड्यानं घ्यायचा, दुसऱ्या पेशीत घालायचा, टी-पेशी तिच्याकडं वळते का बघायचं, नाही वळली तर पुढचा तुकडा, अशी ती वर्षानुवर्षांची किचकट चाळण होती, आणि १९९१ साली पिएर व्हान डर ब्रुखेन आणि बून यांनी ‘सायन्स’ पत्रिकेत उत्तर छापलं. त्या जनुकाचं नाव ठेवलं मेज-१.

सगळ्यांना वाटत होतं, की या जनुकात काहीतरी बिघाड असणार, एखादं अक्षर चुकलेलं असणार, म्हणून तर शरीर त्याला परकं समजतं. तसं काहीच नव्हतं! गाठीतलं मेज-१ आणि त्याच बाईच्या धडधाकट पेशीतलं मेज-१ अक्षर न अक्षर सारखं होतं. पानावर चूक नव्हती, पानच भलतं उघडलं होतं. मग शोध सुरू झाला, की निरोगी शरीरात हे पान उघडं असतं तरी कुठं. यकृत बघितलं, मेंदू बघितला, हृदय, मूत्रपिंड, कातडी, सगळीकडं मिटलेलं. उघडं सापडलं ते पुरुषाच्या वृषणात, जिथं शुक्राणू घडतात. मेजची सगळी भावकी मिळून वारेतही थोडीबहुत सापडली.

आणि आता या गोष्टीतली सगळ्यात देखणी खुबी ऐका. शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशी आपल्या आत कोणती प्रथिनं बनतायत त्याचे बारीक तुकडे करून बाहेर पृष्ठभागावर मांडून ठेवतात. ज्या रेणूवर मांडतात त्याला एचएलए म्हणतात आणि तुकडा असतो साधारण नऊ अमिनो आम्लांचा. हिंडत्या टी-पेशी हे तुकडेच बघतात, आतलं प्रथिन त्यांना दिसत नाही. टी-पेशी परकं ओळखताना हा मांडणारा रेणूही बघतात हे ज्यांनी ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकात शोधलं त्या पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांना १९९६ चं नोबेल मिळालं. पण वृषणात शुक्राणू घडवणाऱ्या पेशी मात्र हे एचएलए बाहेर मांडतच नाहीत. आणि ते बरंच आहे, कारण शुक्राणू येतात वयात आल्यावर, तोवर प्रतिकारशक्तीची आपलं-परकं शिकण्याची मुख्य शाळा होऊन गेलेली असते, आणि तुकडे मांडले असते तर शरीरानं आपल्याच पुढच्या पिढीवर हल्ला चढवला असता. म्हणजे बघा, मेजचं पान उघडं असतं मुख्यतः दोनच जागी. एक गाठीत, जिथं ते टी-पेशींना दिसतं, आणि दुसरं वृषणात, जिथं ते दिसत नाही. लशीसाठी याहून नेमकी खूण कोण मागेल?

हे पान गाठीत उघडतं कशानं, त्याचाही पुरावा बून यांच्याच मंडळींनी १९९६ साली दिला. ज्या गाठींच्या डीएनएवरचं मिथाइल एकूणच विरळ झालंय त्यांच्यात मेज-१ उघडं, आणि प्रयोगशाळेत पेशींना मिथाइल काढणारं औषध दिलं की बंद असलेलं मेज-१ही उघडतं.

एकदा खूण सापडल्यावर सगळे तिच्या भावंडांच्या मागं लागले. मेजचा गोतावळा मोठा आहे, त्यातल्या ए गटाची भावंडं एक्स गुणसूत्राच्या टोकाशी शेजारी शेजारी बसलेली आहेत, आणि त्यातलं मेज-ए३ फुप्फुसाच्या नेहमीच्या कर्करोगात, ज्याला लहान-पेशी-विरहित म्हणतात, साधारण दर तिसऱ्या रुग्णात उघडं सापडलं. गाठीला ते नुसतंच उघडं पडलेलं नव्हतं, त्याचा फायदाही होता. २०१५ साली अमेरिकेत असं दिसलं, की मेज-ए३ आणि त्याचं जुळं वाटावं असं मेज-ए६, हे दोघं मिळून एएमपीके नावाच्या प्रथिनाची विल्हेवाट लावायला मदत करतात. हे एएमपीके पेशीतलं इंधन कमी पडलं की वाढ आवरती घ्यायला लावतं. त्यालाच काढून टाकलं की पेशी उपाशीपोटीही वाढत राहते.

मग आली मोठी चाचणी, मॅग्रिट. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीनं मेज-ए३ प्रथिनाची लस बनवली, सोबत प्रतिकारशक्तीला चेतवणारा मसाला घातला, आणि फुप्फुसातली गाठ शस्त्रक्रियेनं पूर्ण काढलेल्या रुग्णांना ती द्यायची ठरवलं, म्हणजे मागं राहिलेली एखादी पेशी असेल तर ती टिपली जाईल. ३४ देशांत १३,८४९ रुग्णांची छाननी झाली, त्यातल्या ४,२१० जणांच्या गाठीत मेज-ए३ उघडं निघालं, आणि २,२७२ जणांना सुई टोचली, दर तिघांत दोघांना लस आणि एकाला नुसतंच पाणीवजा औषध, कुणाला काय मिळतंय ते ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. सत्तावीस महिन्यांत तेरा इंजेक्शनं. फुप्फुसाचा तुकडा काढून टाकलेली माणसं, आपल्याला खरी लस मिळतेय की पाणी हे ठाऊक नसताना, तेरा तेरा वेळा दंड पुढं करत होती, कारण उत्तर कळायला तोच एक मार्ग होता. या माणसांपुढं मी हात जोडतो.

उत्तर २०१४ साली आलं. लस घेतलेल्यांत आजार न परतता गेलेला काळ, मधल्या रुग्णाचा, ६०.५ महिने. पाणी घेतलेल्यांत ५७.९. एवढा फरक योगायोगानंही पडतो. लस हरली होती.

का हरली यावर पुष्कळ विचार झाला आणि अजून होतोय, पण मला त्यातलं जे पटतं ते सांगतो. या लशीनं प्रतिपिंडं भरपूर उठवली, अँटिबॉडी म्हणतात त्या, पण प्रतिपिंडं पेशीच्या आतल्या मेज-ए३ पर्यंत पोचत नाहीत. तिथं लागते मारक टी-पेशी, आणि तीच पुरेशी उठली नाही. शिवाय कर्करोगही गप्प बसत नाही. लंडनच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटानं २०१७ साली दाखवलं, की फुप्फुसाच्या या कर्करोगात दहापैकी चार गाठींनी आपल्या एचएलएचा एक वाटा डीएनएतूनच गमावलेला असतो, म्हणजे ज्यावर तुकडा मांडायचा तो रेणूच अर्धा नाहीसा. आणि ज्या गाठी मांडतात त्या बरेचदा पीडी-एल१ नावाचं प्रथिन पुढं करतात, ते टी-पेशीला लागलं की ती हात आखडता घेते. टी-पेशींचे असे लगाम कसे काढायचे ते जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांनी दाखवलं, त्यांना २०१८ चं नोबेल मिळालं, आणि लगाम सोडणारी ती औषधं आज फुप्फुसाच्या कर्करोगात जगभर वापरतात. मॅग्रिटच्या वेळी ती लशीच्या सोबतीला नव्हती.

मेज-ए३ वर जोर लावताना एकदा भलतंच झालं तेही लपवून ठेवू नये. लशीची वाट न बघता रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना मेज-ए३ जास्त नेटानं ओळखायला शिकवून परत सोडण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला, आणि पहिले दोन्ही रुग्ण काही दिवसांतच हृदय बंद पडून गेले. त्यांच्या हृदयात मेज-ए३ नव्हतं. पण हृदयाच्या स्नायूत टायटिन नावाचं एक प्रचंड मोठं प्रथिन असतं, माणसात माहीत असलेल्या प्रथिनांत सगळ्यात मोठं, आणि त्यातला एक तुकडा मेज-ए३ च्या तुकड्याशी इतका मिळताजुळता होता की नव्यानं शिकवलेल्या टी-पेशी फसल्या. २०१३ साली हे छापून आलं, आणि तेव्हापासून अशा कुठल्याही खुणेवर काम करणारे आधी अख्खं पंचांग चाळून बघतात, की हा तुकडा आणखी कुठल्या पानावर तर नाही ना.

आता थोडं वळून दुसऱ्या एका पानाकडं जाऊ, कारण लशीचा सगळ्यात अनोखा प्रयत्न तिथून निघाला, आणि त्याची मुळं उंदराच्या पिल्लांच्या डोळ्यांत आहेत. उंदराचं पिल्लू जन्मतं ते डोळे मिटलेलं, आणि दोन आठवड्यांच्या आतबाहेर त्याचे डोळे उघडतात. पन्नासच्या दशकात स्टॅनली कोहेन हे गृहस्थ मज्जातंतू वाढवणाऱ्या एका द्रव्याच्या मागावर होते आणि त्यासाठी नर उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचत होते. त्यांच्या लक्षात आलं की या पिल्लांचे डोळे सातव्या दिवशीच उघडतायत आणि दातही लवकर येतायत. दुसरा कुणी असता तर टिपण करून पुढं गेला असता, पण कोहेन थांबले, अर्क गाळत गाळत त्यातलं द्रव्य वेगळं काढलं, १९६२ साली ते जगापुढं मांडलं, आणि त्याचं नाव पडलं ईजीएफ, त्वचेचा वरचा थर वाढवणारं द्रव्य. हे काम पुरं झालं त्याच नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात, जिथं लिडल यांनी दाढीमिशांचं कोडं सोडवलं. १९८६ साली कोहेन यांना रिता लेव्ही-मोंतालचिनी यांच्यासोबत नोबेल मिळालं.

हे ईजीएफ पेशीला जिथं जाऊन भिडतं त्या प्रथिनाला ईजीएफआर म्हणतात, आणि फुप्फुसाच्या कितीतरी गाठी हे पान नको तेवढ्या जोरात वाचतात, पृष्ठभाग ईजीएफआरनं भरून टाकतात, आणि रक्तातलं ईजीएफ मिळेल तेवढं घेऊन वाढत सुटतात. इथं क्युबातल्या मंडळींना सुचलं ते फार वेगळं. हवानाच्या मॉलिक्युलर इम्युनॉलॉजी केंद्रात त्यांनी विचार केला, की गाठीला हातच लावायचा नाही, तिच्यापर्यंत पोचणारं ईजीएफच वाटेत धरायचं. पण ईजीएफ तर आपल्याच अंगातलं, शरीर त्याला परकं कसं मानेल? म्हणून त्यांनी ईजीएफला मेंदूज्वराच्या एका जिवाणूचं प्रथिन जोडलं. क्युबाला त्या जिवाणूची चांगली ओळख होती, मेंदूज्वराची लस त्यांनी आधीच बनवलेली होती. जिवाणूचा तुकडा बघून शरीर खडबडून उठतं आणि त्या भरात जोडलेल्या ईजीएफविरुद्धही प्रतिपिंडं तयार करतं. या लशीचं नाव सिमाव्हॅक्स.

४०५ रुग्णांच्या चाचणीत, सुरुवातीचे चारही डोस पूर्ण घेतलेल्यांचं मधलं आयुर्मान १२.४३ महिने निघालं, लस न घेतलेल्यांचं ९.४३. तीन महिन्यांचा फरक. कुणाला वाटेल, तीनच महिने? पण ज्यांच्या घरात असं दुखणं आलंय त्यांना विचारा, तीन महिन्यांत पोरीचं लग्न होतं, नातवाचं बारसं होतं. आणि ज्यांच्या रक्तात मुळातच ईजीएफ जास्त होतं त्यांना याहून बराच जास्त गुण आला. क्युबात ही लस साध्या, घराजवळच्या दवाखान्यातही देतात, आणि २०१५ साली अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या रॉसवेल पार्क कर्करोग केंद्रानं हवानाशी करार करून ती आपल्याकडं तपासायला घेतली. दोन देशांचं वैर किती जुनं होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच, त्यातून ही सुई पार झाली.

ईजीएफआरचा आपल्याशीही जवळचा संबंध आहे. विडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या माणसांत, त्यातही आशियातल्या बायकांत, फुप्फुसाचा जो कर्करोग होतो त्यात ईजीएफआरच्या पानावर प्रत्यक्ष चूक झालेली बरेचदा सापडते, आणि अशांसाठी गोळ्या आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वनिता नोरोन्हा आणि सहकाऱ्यांनी असे ३५० रुग्ण घेऊन बघितलं, की नुसत्या गोळीनं आजार साधारण आठ महिने थोपतो, आणि गोळीला केमोथेरपीची जोड दिली तर सोळा. २०२० साली छापून आलेलं हे काम जगभर वाचलं गेलं.

विडीची गोष्ट निघालीच आहे तर हेही सांगतो. २०१० साली इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका पेशीचा अख्खा डीएनए वाचून काढला, त्यात बावीस हजारांहून जास्त अक्षरं बदललेली निघाली, आणि हिशेब मांडला तर साधारण दर पंधरा सिगारेटींमागं एक कायमचा बदल पडत गेलेला. चुलीच्या धुराचंही फार कौतुक नको. लाकूड-गोवऱ्यांच्या धुरानं कर्करोग होणं संभाव्य आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं नोंदवून ठेवलंय.

आणि मेज-ए३? त्याला कुणी टाकून दिलं नाही. बायोएनटेक या जर्मन कंपनीनं, करोनाच्या लशीत वापरली त्याच एमआरएनए रीतीनं, फुप्फुसाच्या कर्करोगासाठी नवी लस केलीय. तिच्यात सहा खुणांचे संदेश एकत्र आहेत, त्यात मेज-ए३ आहे, त्याची दोन भावंडं मेज-ए४ आणि मेज-सी१ आहेत, आणि क्लॉडिन-६ आहे, जे एरवी फक्त गर्भात उघडतं. गाठीनं एखादं पान मिटलं तरी दुसरं उघडं सापडावं असा बेत. शिवाय या रीतीत प्रथिन आपल्याच पेशीच्या आत बनतं, तिथून त्याचे तुकडे एचएलएवर मांडले जातात, आणि मॅग्रिटमध्ये जी उठली नाही ती मारक टी-पेशी उठायची शक्यता वाढते, आणि काही रुग्णांना सोबत लगाम सोडणारं औषधही देतात. ऑगस्ट २०२४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात ब्रिटनमधल्या पहिल्या रुग्णाला ती टोचली, सात देशांत मिळून सुमारे १३० जणांवर तिची तपासणी तेव्हा ठरली होती. ही चाचणी सुरुवातीच्या पायरीवरची आहे, ती मुख्यतः लस सोसते का ते बघायला. मला या लशीची फार आशा आहे, आणि ती मॅग्रिटच्या त्या २,२७२ माणसांच्या खांद्यावर उभी आहे.

तर मंडळी, एक सांगणं. तुमच्या घरात किंवा आळीत कुणाला फुप्फुसाचा कर्करोग निघाला, तर गाठीच्या तुकड्याची ईजीएफआर, एएलके आणि पीडी-एल१ या नावांची तपासणी झाली का, एवढं डॉक्टरांना विचाराच, कारण कोणतं औषध लागू पडणार हे त्यावर ठरतं. आणि कर्करोगाची लस आहे म्हणून कुणी दारी येऊन पैसे मागायला लागला, तर त्याला चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. भारतात चालणाऱ्या औषधांच्या चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी संकेतस्थळावर करावीच लागते, आणि ती नोंद कुणालाही फुकट बघता येते.